खांद्यावरची बोटं

"हा हात ना? जनतेचा!" संपादक म्हणाले आणि त्यांनी पोस्टरवर टिचकी मारली.

भाऊ पोस्टरजवळ गेला. पोस्टरवर तोच होता, दाराएवढा. त्याच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. बोटांच्या मागे माणूस नव्हता.

"हा ड्रायव्हरचा हात आहे," तो म्हणाला. "बाकीचा ड्रायव्हर कुठे गेला?"

कवीने घसा खाकरला. संपादकांनी घड्याळात पाहिलं. बाहेर सभागृह भरत आलं होतं आणि मंचामागच्या खोलीत ज्याचा सत्कार व्हायचा तोच नको ते विचारत होता.

बहीण कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. बाकीचा ड्रायव्हर कुठे गेला, हे तिला ठाऊक होतं. फोटो तिनेच दिला होता. त्यात दोघं होते. परक्या देशातल्या त्या धुळकट गाडीला टेकलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसणारे. त्याच गाडीत नंतर तिथल्या पोलिसांना कॅमेरा सापडला. कॅमेऱ्यात लष्करी बंदराचं चित्रण निघालं आणि दोघांनाही उचललं. भावाच्या सुटकेसाठी निघालेल्या समितीच्या पहिल्याच बैठकीत तिने हे सगळं सांगितलं होतं. संपादकांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, दोन चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत. एक मोहीम, एक चेहरा. शिवाय तो तिथलाच. त्यांचा माणूस, त्यांचं ते बघून घेतील."

मग ड्रायव्हरला कापला. भावाचं हसणारं तोंडही मिटवून घेतलं, कैदी हसत नाहीत म्हणून. चार बोटं तेवढी राहिली. ती पुसायला गेलं की शर्टाच्या चौकड्या फिसकटायच्या.

पण वाया काही गेलं नाही. कवीने त्या बोटांवर कविता केली. ती म्हणताना तिसऱ्या कडव्याला त्याचा गळा दाटून यायचा, दर वेळी, त्याच ओळीवर. मग बोटं छापलेले टी-शर्ट निघाले. ते घालून लोकांनी मेणबत्त्या लावल्या, दोन जेवणांच्या मध्ये बसेल एवढं उपोषण केलं, एकमेकांचे फोटो काढले. आज बाहेर पहिल्या रांगेतल्या झाडून सगळ्यांच्या खांद्यावर ड्रायव्हरची बोटं होती.

बहीण दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. तोंड उघडून बसलेली माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती. पण इतका वेळ उघडी राहणारी तोंडं तिने समितीतच पाहिली. तरी ती गप्प राहिली. आधी आपला सुटू दे, मग बोलू, असं तिने मनाशी धरलं होतं. काल आपला घरी आला. "सुटलास रे बाबा," म्हणून तिने त्याला जवळ घेतलं, तर तो अंग चोरून उभा राहिला. वाढलेल्या ताटावरून तसाच उठला. थकला असेल, असं तिला वाटलं.

"ड्रायव्हर अजून आत आहे," भाऊ म्हणाला. "पुढच्या आठवड्यात त्याला कोर्टासमोर उभा करतील. बाहेरून कुणी ओरडलं नाही तर तो जन्मभर आत सडेल. दोन लहान मुली आहेत त्याला. साहेब, मोहीम चालू ठेवा."

"चालू ठेवा?" संपादक हसले. "अरे, आज समारोप आहे! यशस्वी मोहीम चालू ठेवली की ती फसल्यासारखी दिसते. तू फक्त आभार मान आणि फुलं घे."

"आणि तेवढं हाताचं," कवी हळूच म्हणाला, "कुणाला बोलू नका हं. संग्रह छापायला गेलाय."

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली. भावाची कॉलर लहानपणी शाळेत जाताना नीट करायची तशी नीट केली.

"मंचावर जा आणि सगळं सांग," ती म्हणाली. "माईक काही ह्यांच्या बापाचा नाही. ह्या भोंग्यांना घाबरले ती मी. तू तिथल्या तुरुंगाला घाबरला नाहीस, ह्यांना काय घाबरतोस?"

 भाऊ काहीतरी बोलायला गेला, पण तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

मंचावर टाळ्यांचा पाऊस पडला. संपादकांनी त्याला जवळ ओढलं, त्याच्या डाव्या खांद्यावर नीट चार बोटं दिसतील असा हात ठेवला आणि माईकमध्ये गरजले, "आता ह्याच्याच तोंडून ऐका! कुणाच्या आवाजामुळे ह्या मर्दाची सुटका झाली? सांग, कुणाच्या?"

भावाने माईक हातात घेतला.

"माझ्याच," तो म्हणाला.

सभागृह गोंधळलं. संपादकांचं हसू जागच्या जागी थिजलं. बाजूच्या पडद्याआड उभ्या बहिणीला मात्र धन्य धन्य वाटलं. बरी जिरवली! तिने एकटीनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"कॅमेरा ड्रायव्हरचा आहे," तो पुढे म्हणाला, "असं मी त्यांना सांगितलं."