हेडफोनचे दोन कान

“हे हेडफोन लावले की मेटल डिटेक्टरचा आवाज फक्त लावणाऱ्यालाच येतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही,” दुकानदाराने कौतुकाने सांगितलं आणि माझ्या दोन्ही भावांचे चेहरे उतरले. आजोबांनी रानात पुरलेला हंडा शोधायचा होता, पण एकाने ऐकलं तर दुसऱ्याला कळायचं कसं? शेवटी मुरारदादाने ज्याची पट्टी सगळ्यात जास्त ताणली जाते, असा हेडफोन निवडला. एक बाजू त्याच्या कानाला, दुसरी भागवतच्या. मी हक्कसोडपत्रावर कधीच सही करून बसले होते, त्यामुळे माझ्या कानाचा प्रश्नच नव्हता.

वडिलांच्या तेराव्यालाही एका पंगतीला न बसलेले ते दोघे सकाळी डोक्याला डोकं लावून, जुंपलेल्या बैलांसारखे नांगरटीतून फिरत होते. मी चहाची किटली घेऊन बांधावर बसले होते. रानाच्या मधोमध दोघेही एकदम थबकले.

“काही वाजलं का रे?” दादाने विचारलं.

“छे. तुला?”

“नाही बा.”

तिथेच दादाची टोपी पडली, ती त्याने उचलली नाही. भागवतची एक चप्पल ढेकळात राहिली, ती त्याला आठवली नाही. एक बोडका, एक लंगडत, असे दोघे घरी गेले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मागून मी टोपी आणि चप्पल नेऊन दिली.

“नेमकी कुठं होती?” दोघांनी एकदम विचारलं.

“मला काय ठाऊक? त्या रानाशी माझा काही संबंध नाही, असं तुम्हीच लिहून घेतलंय ना.”