गुडघाभर उंबरा

दरवर्षी गल्लीतलं पाणी घरात शिरायचं, म्हणून सुभानरावांनी यंदा मे महिन्यात दारात गुडघाभर उंच सिमेंटचा उंबरा घातला. "गटार मोठं करा म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं. आता बघू कसं शिरतंय," म्हणाले. त्यांच्या म्हाताऱ्या आईला मात्र त्यावरून पाय टाकता येईना. तिचं रोजचं देवळात जाणं सुटलं. ती दारातूनच हात जोडू लागली.

जुलैत गल्ली तुंबली. पाणी उंबऱ्याला टेकून थांबलं. सुभानराव मिशीत हसले. तेवढ्यात मागून आई ओरडली, "सुभान्या, मोरीतून येतंय!"

भरलेलं गटार मोरीच्या भोकातून उलटं वर येत होतं. बोळे कोंबले तरी थांबेना.

संध्याकाळी गल्ली मोकळी झाली. घरात मात्र पाणी तसंच. मोरी गाळानं बुजलेली आणि दारात उंबरा. शेवटी सुभानरावांनी पहार आणून स्वतःच्या हातानं तो फोडला. पाणी भसाभसा रस्त्यावर गेलं.

पाठोपाठ आई निघाली, लुगडं वर धरून.

"चिखलातून कुठं निघालीस?"

"देवळात. तू पुन्हा बांधायच्या आत जाऊन येते."