लाट बघणारा

रस्सीखेचीचा दोर धरायला समोरचे आठ मच्छीमार उभे राहिले आणि पोलीस संघाच्या खराडे उस्तादांना हसू आवरेना. दोराच्या शेवटच्या टोकाला सगळ्यांत जड गडी लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनी तिथं उभा केला होता एक काटकुळा म्हातारा! खराडेंच्या संघात नव्वद किलोच्या आतला एकही नव्हता.

शिट्टी झाली. पोलिसांनी हिसडा मारला. समोरचे नुसते टाचा रोवून मागे रेलले. म्हाताऱ्याने डोळे मिटून दोरावर हात ठेवला होता. दुसऱ्या हिसड्याआधी पोलिसांनी दम घेतला, तोच तो हळूच म्हणाला, "लाट इली!" त्या मैदानावर समुद्र औषधालाही नव्हता, पण सात पाठी एकदम मागे गेल्या. "रवा!" म्हणताच सगळे थांबले. पुन्हा पोलिसांचा श्वास सुटला, पुन्हा "इली!" रोज सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात, तसा दोर हातहात मागे चालला होता. खराडे ओरडायचंच विसरले. असं काही त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. चौथ्या लाटेला त्यांचा अख्खा संघ रेघेपलीकडे आडवा झाला.

ते धावत म्हाताऱ्याकडे गेले आणि त्याचे तळवे उलटून पाहिले. बाकीच्यांचे हात सोलवटले होते, याच्या तळव्यांवर साधा वळही नव्हता.

"आजोबा, तुम्ही दोर ओढलाच नाहीत?"

म्हातारा हसला. "मी कित्याक ओढू? मी ओढूक लागलंय, तर लाट कोण बघतलो?"