म्हणीचा अर्थ

“मावशी, ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणजे काय?” तरुण डॉक्टरने विचारले. मन थाऱ्यावर आहे का, हे मानसोपचार विभागात म्हणीवरूनही जोखत. उत्तर जमले तर आजच घरी सोडणार होते.

द्वारकाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. डॉक्टरमागे विद्यार्थी वह्या उघडून उभे होते. “आमच्याकडे गॅस आहे,” त्या बोलून गेल्या. पेने सरसरली. आणखी महिनाभर इथेच! त्यांनी घाईने हात वर केला.

“थांबा हो, लिहू नका! म्हणजे... माझ्यासारखं माणूस तुमच्याही घरी असेल. तुम्ही सांगत नसाल, एवढंच.”

विद्यार्थी हसले, डॉक्टर हसला नाही. सुट्टीच्या कागदावर सही करताना तो त्यांच्याकडे वाकला.

“ताई आहे,” तो पुटपुटला, “तिला इथे आणायचा धीर होत नाही.”