माथ्यापर्यंत

बंदरावरच्या या पुलावर पायी जाण्याची परवानगी वर्षातून एकदाच, मॅरेथॉनच्या सकाळी मिळते. चढ अवघा पाच टक्के. सेफिनाच्या गुडघ्यांना मात्र ते पटत नव्हते. मागे पडलेल्यांना उचलणारी बस तिच्याशेजारी थांबली.

“बसा, मावशी. पूल गाड्यांना खुला करायचाय,” बसचा चालक हेमी म्हणाला. “आणि गळ्यात हार? लग्नाला निघालात की शर्यतीला?”

“माथ्यापर्यंत जाऊ दे रे, बाळा. पाया पडते तुझ्या.”

“शर्यत काय माथ्यावर संपते?”

तरीही बस तिच्या मागून सावकाश येत राहिली. माथ्यावर सेफिनाने हार कठड्याला बांधला आणि ती बसमध्ये चढली.

“झालं समाधान?”

“दोराला लटकून पूल रंगवायचा माझा थोरला. गेल्या हिवाळ्यात तो इथवरच पोचला होता.”