निरोगी बाई हवी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गार्गी तोंड फुगवून बसली होती. शेजारी तिची धाकटी जाऊ, अपूर्वा. अपूर्वाला ल्यूपस. शरीर आपल्याच शरीरावर उलटतं, तो आजार. त्यात धमन्या अकाली जाड होतात. रक्तातल्या खुणांवरून ते आधीच ओळखता येईल का, याचा डॉक्टर अभ्यास करत होते. तुलनेला एक निरोगी बाई हवी होती, त्याच वयाची. घरात तशी एकच.

इथंही मलाच जुंपलं, गार्गी मनात चरफडली. भांडुपच्या त्या दोन खोल्यांत पाणी भरायचं तिने, मासे साफ करायचे तिने. अपूर्वाने पंख्याखालच्या खुर्चीत बसायचं. तिला ऊन लागू नये म्हणून खिडकीला जाड पडदा. दर शनिवारी सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या, तीही तिचीच. लग्न होऊन आल्यापासून गार्गीची दृष्ट काढावी असं कुणाला सुचलं नव्हतं. त्या खुर्चीचा तिला हेवा वाटायचा. त्या चिमूटभर मोहऱ्यांचासुद्धा.

"तुझं बरंय गं," अपूर्वा तिच्याकडे हेव्याने बघत म्हणाली. "भर उन्हात बाजारात जातेस. जिना कसा सरसर चढतेस!"

"मग चल ना उद्या. पिशव्या देते उचलायला," गार्गी फटकन बोलली.

डॉक्टरीणबाईंनी आधी अपूर्वाच्या मानेवरून यंत्र फिरवलं. धमनी स्वच्छ होती. गार्गीच्या मानेवर मात्र यंत्र थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथंच थांबलं.

"तुम्हाला बीपी आहे?"

"कधी मोजलंच नाही."

"धमनीत थर साचलाय. घाबरू नका, पण औषध सुरू करावं लागेल. आणि जरा विश्रांती घ्या."

विश्रांती! भीती वाटायच्या आधी गार्गीला चक्क आनंद झाला. मग त्या आनंदाचीच लाज वाटली.

दोघी रिक्षाने घरी आल्या. दारात सासूबाई मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन अपूर्वासाठी उभ्याच होत्या. अपूर्वाने सगळं सांगितलं. सासूबाईंची मूठ हवेतच राहिली.

"तू बस गो हय," म्हणत त्यांनी गार्गीला हाताला धरून पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि मूठ तिच्यावरून ओवाळू लागल्या. गार्गीने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांनी तिचा नंबर लागला होता.

"माज्या धडधाकट सुनेक कोणाची गो नजर लागली?" सासूबाई पुटपुटल्या.

गार्गीला हसू आलं. तिने डोळे उघडले. समोर अपूर्वा पडद्याला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती काही केल्या मान वर करत नव्हती.