चिठ्ठी कुणी उचलली?

“मॅडम, पाच मिनिटं उरलीत. नाहीतर गाडी दुसऱ्या नंबरला जाईल.”

निशिगंधाच्या हातातला मोबाइल घामाने ओला झालेला. कल्याणच्या साडी सेलमध्ये तिने सहज कुपन भरलेलं आणि त्यावर चक्क चारचाकी लागलेली! आधी फक्त साडेबारा हजार टॅक्स भरायचा. शिकवण्या घेऊन बी.एड.च्या फीसाठी साठवलेले तेवढेच पैसे खात्यात होते आणि उद्या फीची शेवटची तारीख. पण गाडी म्हणजे काय थोडकी गोष्ट झाली?

तिची सासू तुळसा शेजारीच सुकट निवडत बसलेली. कोपर गावात तीस वर्षं बायकांची भिशी चालवणारी बाई. स्पीकरवरचं सगळं ती ऐकत होती.

“इचार त्याला, चिठ्ठी कुनी उचलली?”

“आई, ते कॉम्प्युटरवर होतं हो.”

“आमच्या भिशीत सगल्या बायांसमोर नेनतं पोर चिठ्ठी उचलतं. हिची कुनासमोर निंगाली रं?”

फोनवरचा हसला. “आजी, व्हिडिओ पाठवतो ना. आधी टॅक्स भरा.”

“मंग गारीतनंच काप. गारी इक, तुजं साडेबारा घे, उरलेलं माज्या सुनंला दे.”

“तसा नियम नाही, आजी.”

“जिला भिशी लागते तिचा हप्ता आमी त्यातनंच कापतो. तुमच्यात उलटा कसा?”

पलीकडे जरा खुसपुस झाली. मग आवाज एकदम गोड झाला. “बरं, तुमच्यासाठी आठ हजार करतो.”

निशिगंधा थक्क! सरकारचा टॅक्स, आणि या बाईने बसल्या जागी साडेचार हजारांनी खाली आणला!

“पाच तरी द्या, आजी,” फोनवरचा आणखी खाली उतरला.

“मेल्या, टॅक्स हाय का बोंबलाचा वाटा?”

फोन कट झाला.

निशिगंधा सासूकडे बघतच राहिली. आपण पदवीधर, ही चौथी नापास. अजून एक मिनिट, आणि वर्षभराची मेहनत गेली असती.

“आई, तुम्ही ओळखलंत कसं?”

तुळसाने सुपातला एक खडा वेचून टाकला.

“मना पन लागलेला एकदा. फ्रिज. दारावर आलेल्या मानसानं पावती दिली नि टॅक्सच्या पैशाला तारन म्हनून माजं गंठन नेलं. चार तोल्यांचं.”

“पण ते तर हळदीत नाचताना हरवलं ना?”

“तसं सांगलंय सगल्यांना. लाज वाटली, बाय.” तिने सूप बाजूला ठेवलं. “उद्या भिशी हाय. उद्या खरं सांगनार.”

“चाळीस बायकांसमोर? आई, हसतील त्या!”

“हसू दे,” तुळसा म्हणाली. “गंठन तरी ऱ्हाईल त्यांच्या गल्यात.”